वाचावादी आणि संकेतवादी : कर्णबधिरांच्या जगातील एक दीर्घ मतभेद

आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तीन शब्द उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल तिन्ही वेळा सारखीच दिसते. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटून उघडताना घडतात. त्यांतील भेद कंठातील कंपनाचा आणि नाकावाटे जाणाऱ्या हवेचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. क, ग, ह हे वर्ण मुखाच्या मागील भागात किंवा कंठात घडत असल्याने ओठांवर त्यांचा मागमूसही नसतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाने समोरच्याचे ओठ पाहून भाषा शिकावी, असे म्हणताना त्याच्यापुढे आपण किती अवघड काम ठेवतो, याची कल्पना या साध्या प्रयोगाने येते. तरीही अनेक कर्णबधिर व्यक्तींनी हे काम साध्य केले आहे आणि आपल्या वाचेचा त्यांना सार्थ अभिमान आहे. दुसरीकडे, हात, चेहरा आणि दृष्टी यांच्या भाषेतच आपले विचार मोकळेपणाने उमटतात, असे मानणारा कर्णबधिर समाज जगभर आहे. या दोन भूमिकांमधील मतभेद अडीचशे वर्षांचा आहे आणि अजून मिटलेला नाही. त्यात शिक्षणशास्त्र, वैद्यक, कायदा आणि भाषाविज्ञान अशा चारही क्षेत्रांचा संबंध येतो.

विषय नीट मांडायचा तर प्रथम संज्ञा निश्चित कराव्या लागतात. कर्णबधिर मुलाला बोलीतूनच शिकवावे, त्याने उच्चार करावेत आणि इतरांचे बोलणे ओठांवरून वाचावे, या मताला वाचावाद किंवा मौखिकवाद म्हणता येईल. त्याचे जुने आणि कडक रूप म्हणजे शुद्ध मौखिक पद्धती. तीत वर्गात हाताच्या खुणांना पूर्ण मज्जाव असे. श्रवणयंत्रे सुधारल्यावर तिच्यातून श्रवण-वाचिक पद्धती निघाली. ओष्ठवाचनापेक्षा उरलेल्या श्रवणशक्तीच्या वापरावर तिचा भर असतो. सांकेतिक भाषा हीच कर्णबधिर मुलाची सहज आणि पहिली भाषा होय, हा संकेतवाद. या दोन टोकांमध्ये अनेक मधले मार्ग आहेत. बोटांच्या वर्णमालेने शब्दातील एकेक अक्षर दाखवण्याची रीत फार जुनी आहे. १९६६ मध्ये ऑरिन कॉर्नेट यांनी ‘क्यूड स्पीच’ ही पद्धत तयार केली. ओठांवर सारख्या दिसणाऱ्या ध्वनींतील फरक तीत तोंडाजवळ धरलेल्या हाताच्या आकारावरून आणि स्थानावरून कळतो. बोलीच्या शब्दक्रमाप्रमाणे प्रत्येक शब्दाला एकेक खूण जोडणाऱ्या कृत्रिम पद्धतीही आहेत. बोलणे, ऐकणे, खुणा, लेखन अशी मिळतील ती सर्व साधने एकत्र वापरणाऱ्या पद्धतीला संपूर्ण संप्रेषण म्हणतात. सांकेतिक भाषा पहिली आणि लिखित भाषा दुसरी मानणारे द्विभाषिक शिक्षण हा आणखी एक प्रकार. यांपैकी शब्दाशब्दाला खूण जोडणारी पद्धत आणि स्वतंत्र व्याकरण असलेली सांकेतिक भाषा या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि या वादातील बरेचसे गैरसमज त्यातूनच उद्भवले आहेत.

कर्णबधिराला बोलायला शिकवण्याचे प्रयत्न मुळात कायद्याच्या निकडीतून वाढीस लागले. सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या रोमन विधिसंहितेत जन्मतः बधिर आणि मूक असलेल्या माणसाला कायदेशीर व्यवहाराचा अधिकार नव्हता. ज्याला वाचा किंवा लेखन अवगत होते, त्याला मात्र काही अधिकार मिळत. आपल्याकडेही मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर आणि मूक यांना वारसाहक्काच्या वाट्यातून वगळून केवळ पोषणाचा अधिकार दिला आहे. हिंदू कायद्यातील ही अपात्रता बहुतांशी दूर होण्यास १९२८ चा वारसाविषयक अपात्रता निवारण कायदा यावा लागला. सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पॉन्से द लेओन या बेनेडिक्टिन साधूने सरदार घराण्यातील बधिर मुलांना बोलण्यास शिकवले. त्यामागे या घराण्यांच्या वारशाचा प्रश्न होता, असे अनेक इतिहासकार मानतात. वाचा असेल तरच माणूस कायद्याच्या दृष्टीने पूर्ण ठरणार असेल, तर आईबापांनी वाचेसाठी जिवाचे रान करावे, हे स्वाभाविक होते. वाचावाद्यांच्या आग्रहामागील ही जुनी भीती लक्षात घेतल्याशिवाय त्यांना न्याय देता येणार नाही.

वादाला शास्त्रार्थाचे स्वरूप अठराव्या शतकात आले. पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे (१७१२–१७८९) या धर्मगुरूंनी १७६० च्या सुमारास दोन बधिर जुळ्या बहिणींना शिकवण्यास आरंभ केला आणि पुढे गरीब-श्रीमंत सर्वांना खुली अशी विनामूल्य शाळा चालवली. शिष्यांच्या नैसर्गिक खुणा त्यांनी स्वीकारल्या आणि फ्रेंच व्याकरणातील लिंग, वचन, काळ दाखवणाऱ्या स्वतःच्या खुणा त्यांना जोडल्या. लाइपझिगमध्ये १७७८ साली शाळा उघडणारे सॅम्युएल हायनिके (१७२७–१७९०) नेमके विरुद्ध मताचे होते. उच्चारित शब्दाशिवाय स्पष्ट विचार संभवत नाही, अशी त्यांची धारणा होती. स्वरांचे भेद मुलाच्या मनात ठसावेत म्हणून जिभेवर व्हिनेगर, साखरेचे पाणी, तेल अशा वेगवेगळ्या चवी देण्याचा प्रयोगही ते करीत. दोघांमध्ये पत्रव्यवहार होऊन प्रकरण झुरिकच्या विद्वत्सभेकडे गेले आणि १७८३ मध्ये सभेने द लेपे यांच्या बाजूने कौल दिला. हायनिके आपली पद्धत पूर्णपणे उघड करीत नसत. एडिंबरामधील ब्रेडवुड घराण्यानेही आपली विद्या गुप्त ठेवली. द लेपे मात्र जाहीर प्रात्यक्षिके करीत आणि येईल त्याला शिकवीत. त्यांच्या मार्गाचा युरोपभर प्रसार झाला, त्याचे मोठे श्रेय या मोकळेपणाला द्यावे लागते.

या सर्व चर्चेत एक कर्णबधिर लेखकही होता, आणि त्याचे म्हणणे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पिएर देलोझ हे पुस्तकबांधणीचे काम करणारे पॅरिसचे कारागीर. बालपणीच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती गेली. १७७९ मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. कर्णबधिर व्यक्तीने लिहून प्रकाशित केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. देशां नावाच्या एका धर्मगुरूने खुणांच्या भाषेवर टीका केली होती, तिला उत्तर म्हणून ते लिहिले गेले. शाळेचे तोंडही न पाहिलेले पॅरिसचे बधिर कामकरी आपापसांत खुणांच्या भाषेतून शहरातील घडामोडींपासून गहन विषयांपर्यंत सर्व काही बोलतात, असे देलोझ यांनी त्यात नोंदवले. म्हणजे ही भाषा कोणा ऐकू येणाऱ्या दयाळू गुरूची देणगी नव्हती. बधिर माणसे जिथे एकत्र आली तिथे ती आपोआप उभी राहिली होती. पुढे दोनशे वर्षे पंडितांनी या साध्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष केले.

फ्रान्समधून ही परंपरा अमेरिकेत गेली. आपल्या शेजारच्या ॲलिस कॉग्सवेल या बधिर मुलीमुळे या विषयाकडे वळलेले थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट १८१५ मध्ये अध्यापनविद्या शिकण्यासाठी ब्रिटनला गेले. ब्रेडवुड घराण्याच्या अटींमुळे तिथे काही साधले नाही. लंडनमध्ये मात्र त्यांची पॅरिसच्या शाळेतील मंडळींशी गाठ पडली. तेथील बधिर शिक्षक लोराँ क्लेर यांना घेऊन ते १८१६ मध्ये परतले. जहाजावर क्लेर यांनी त्यांच्याकडून इंग्रजी शिकून घेतले आणि त्यांना खुणांची भाषा शिकवली. १५ एप्रिल १८१७ रोजी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. क्लेर यांची फ्रेंच सांकेतिक भाषा आणि विद्यार्थ्यांनी गावोगावहून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकी सांकेतिक भाषा घडली. त्यामुळे अमेरिकी आणि ब्रिटिश बधिर व्यक्ती एकच इंग्रजी वाचत असल्या, तरी त्यांच्या सांकेतिक भाषा परस्परांना समजत नाहीत. अमेरिकी भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाद दोन थोर व्यक्तींच्या रूपाने समोरासमोर उभा राहिला. एडवर्ड मायनर गॅलोडेट (१८३७–१९१७) हे थॉमस गॅलोडेट यांचे धाकटे चिरंजीव आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२) हे टेलिफोनचे जनक. विशेष असे की दोघांच्याही मातांना ऐकू येत नव्हते. गॅलोडेट यांच्या आई सोफिया फाउलर जन्मतः बधिर होत्या, हार्टफर्डच्या शाळेत शिकल्या आणि आयुष्यभर सांकेतिक भाषेतच बोलल्या. बेल यांच्या आई एलायझा यांना कर्णनलिकेच्या साहाय्याने थोडेफार ऐकू येई. त्या बोलत आणि पियानोही वाजवीत. बेल यांच्या पत्नी मेबल पाचव्या वर्षी स्कार्लेट तापाने बधिर झाल्या होत्या आणि ओष्ठवाचनात त्या निष्णात होत्या. घरातील बधिर स्त्रीकडे पाहत दोन मुलगे मोठे झाले आणि त्यांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले. दोघांच्याही निष्कर्षात मातृप्रेम होते. परंतु आपल्या घरातील अनुभव सर्वांना लागू करण्याचा मोह बेल यांना अधिक झाला, असे माझे मत आहे.

बेल यांचे वडील मेलव्हिल बेल यांनी उच्चारावयवांची स्थिती चिन्हांनी दाखवणारी ‘दृश्य वाणी’ ही लिपी तयार केली होती आणि तिच्या साहाय्याने बेल बोस्टनमध्ये बधिर मुलांना शिकवीत. ते स्वतःला आयुष्यभर प्रथम बधिरांचे शिक्षक मानीत. १८८३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक प्रबंध वाचला. बधिर व्यक्ती वसतिगृहयुक्त शाळांत एकत्र राहतात, स्वतंत्र भाषा बोलतात आणि आपापसांत विवाह करतात, त्यामुळे मानवजातीत एक बधिर प्रकार निर्माण होईल, असा इशारा त्यात होता. विवाहावर कायद्याने बंदी घालण्यापेक्षा वेगळ्या शाळा, खुणांची भाषा आणि बधिर शिक्षक ही तीन कारणे दूर करावीत, असे त्यांनी सुचवले. एडवर्ड फे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बधिरांच्या विवाहांच्या विस्तृत अभ्यासाने ही भीती निराधार ठरवली. माहिती मिळालेल्या विवाहांपैकी सुमारे नव्वद टक्के विवाहांत एकही बधिर अपत्य जन्मले नव्हते. हा अभ्यास बेल यांनीच स्थापन केलेल्या व्होल्टा ब्यूरोने प्रकाशित केला, याची नोंद त्यांच्या प्रामाणिकपणाच्या खात्यावर करायला हवी.

गॅलोडेट हे वाचेचे शत्रू नव्हते. १८६७ मध्ये युरोपातील शाळांचा दौरा केल्यावर ज्यांना जमेल त्यांना उच्चार अवश्य शिकवावेत, अशी शिफारस त्यांनीच केली. त्यांच्या मार्गाला संयुक्त पद्धती म्हणत. वॉशिंग्टन येथील बधिरांच्या ज्या महाविद्यालयाचे ते प्रमुख होते, त्याला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने मिळाला होता. तेच आजचे गॅलोडेट विद्यापीठ. एका बाजूचा आग्रह ‘फक्त वाचा’ असा आणि दुसऱ्या बाजूचा ‘वाचाही, खुणाही’ असा होता. म्हणजे हा वाद मुळातच समतोल नव्हता, ही गोष्ट इतिहास वाचताना सहज निसटते.

६ ते ११ सप्टेंबर १८८० या काळात मिलान येथे बधिर शिक्षणाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४. त्यांत इटालियन आणि फ्रेंच बहुसंख्य होते आणि बधिर प्रतिनिधी एकच, वॉशिंग्टनच्या केंडल शाळेचे जेम्स डेनिसन. अध्यक्षस्थानी मिलानच्या मौखिक शाळेचे प्रमुख ज्युलिओ तारा होते. स्थानिक शाळांतील निवडक मुलांची प्रात्यक्षिके प्रतिनिधींना दाखवण्यात आली. त्यांपैकी किती मुलांना पूर्वी ऐकू येत होते, हा प्रश्न टीकाकारांनी तेव्हाच विचारला होता. बधिराला समाजात परत आणण्यासाठी उच्चार हे खुणांपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ आहेत, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. दुसऱ्या ठरावाने वाचा आणि खुणा एकत्र वापरणेही त्याज्य ठरवले, म्हणजे गॅलोडेट यांचा मध्यममार्गही बंद केला. एका संपूर्ण समाजाच्या भाषेचा निर्णय त्या समाजाच्या एका प्रतिनिधीच्या उपस्थितीत घेतला गेला. या विषयावर वाचलेल्या असंख्य पानांमध्ये हीच गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करून जाते.

परिणाम दूरवर झाले. पॅरिसच्या राष्ट्रीय संस्थेसह युरोपातील शाळांनी शुद्ध मौखिक पद्धती स्वीकारली. उच्चार शिकवण्यासाठी ऐकू येणे आवश्यक असल्यामुळे बधिर शिक्षकांना नोकरी सोडावी लागली. पहिले महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेतही सुमारे ऐंशी टक्के बधिर मुले खुणांविना शिकत होती. मुलांना हात मांडीखाली दाबून बसवणे, खूण केल्यास छडी मारणे हे प्रकार अनेक देशांतील वृद्ध कर्णबधिरांच्या आठवणींत आढळतात. भाषा मात्र संपली नाही. दिवे मालवण्यापूर्वी वसतिगृहांत, खेळाच्या मैदानांवर आणि बधिरांच्या मंडळांत मोठी मुले लहानांना ती शिकवीत राहिली. परिषदेच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेत सिनसिनाटी येथे बधिरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिचे अध्यक्ष राहिलेले जॉर्ज वेडिट्झ यांनी १९१३ मध्ये सांकेतिक भाषेच्या रक्षणाचे आवाहन करणारा मूकपट चित्रित करून घेतला. चलच्चित्राचा शोध नुकताच लागला होता. हातांच्या भाषेला लिपी नसल्याने तिचे जतन करण्याचे हे पहिलेच खरे साधन होते आणि वेडिट्झ यांनी ते तत्काळ ओळखले.

वेडिट्झ आणि मेबल बेल यांची तुलना या मतभेदाच्या मुळाशी नेते. वेडिट्झ यांचीही श्रवणशक्ती स्कार्लेट तापानेच, आठव्या वर्षी गेली. म्हणजे दोघांनाही बधिर होण्यापूर्वी भाषा येत होती, दोघेही बोलू शकत. वेडिट्झ यांनी आपली वाचा असूनही खुणांच्या भाषेसाठी आयुष्य वेचले. मेबल यांनी बधिरांच्या समाजापासून दूर राहून ऐकणाऱ्यांच्या जगातच जगणे पसंत केले आणि ओष्ठवाचनाच्या कलेवर लेखही लिहिला. केवळ वय किंवा बधिरतेचे प्रमाण पाहून कोणी कोणती बाजू घेईल, हे सांगता येत नाही. तरीही एक विभागणी सर्वत्र दिसते. बोलणे शिकल्यानंतर ज्यांचे श्रवण गेले आणि ज्यांना काही प्रमाणात ऐकू येते, त्यांना वाचा हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा मार्ग वाटतो. जन्मतः पूर्ण बधिर असलेल्यांना तीच वाचा वर्षानुवर्षांची, अनेकदा निष्फळ, कसरत वाटते. शंभरांतील नव्वदहून अधिक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. ज्या थोड्या मुलांचे आईवडीलही बधिर असतात, त्यांना भाषा पाळण्यापासून मिळते. बाकीच्यांना ती कोण, केव्हा आणि कोणती देणार, हे इतरांनी ठरवायचे असते.

मौखिक शिक्षणाने वाढलेले अनेक बधिर प्रौढ सांगतात की त्यांना कठोर सरावामुळेच शिक्षण, नोकरी आणि कुटुंबात बरोबरीचे स्थान मिळाले, आणि इतर बधिरांनी आपल्याला परके मानू नये. उलट मौखिक शाळांतून बाहेर पडलेलेच अनेक जण प्रौढपणी सांकेतिक भाषा शिकतात आणि बालपणी ती नाकारली गेल्याचे दुःख व्यक्त करतात. हा ताण गॅलोडेट विद्यापीठात उघडपणे दिसला. मार्च १९८८ मध्ये ऐकू येणाऱ्या अध्यक्षांच्या नियुक्तीविरुद्ध विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडले आणि आठवड्याभरातच आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. २००६ मध्ये जेन फर्नांडिस यांची निवड झाली, तेव्हा पुन्हा आंदोलन पेटले. त्या जन्मतः बधिर, पण मौखिक पद्धतीने वाढलेल्या आणि तिशीच्या आत, प्रौढपणी सांकेतिक भाषा शिकलेल्या. आपण पुरेशा बधिर नाही म्हणून विरोध होत आहे, असे त्यांना वाटले. विरोधकांनी निवडप्रक्रिया आणि त्यांच्या कारभाराची रीत हे आक्षेप पुढे केले. अखेर नियुक्ती रद्द झाली. पहिल्या आंदोलनात बधिर समाज एकमुखी होता आणि दुसऱ्यात त्याच्यातलीच भेग जगापुढे आली.

संकेतवादाला शास्त्रीय आधार मिळाला तो १९६० मध्ये. गॅलोडेट येथेच इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोको यांनी दाखवले की सांकेतिक भाषेतील शब्द हा हाताचा आकार, स्थान आणि हालचाल अशा अर्थहीन घटकांपासून बनतो, जसा बोलीतील शब्द ध्वनींपासून बनतो. १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बधिर सहकाऱ्यांसह त्यांनी शब्दकोश प्रसिद्ध केला. भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासातूनही असेच व्याकरण दिसून आले आहे. तीत प्रश्नार्थक आणि नकारार्थी शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात, भुवया आणि डोक्याची हालचाल व्याकरणाचे काम करते, आणि व्यक्ती किंवा वस्तूला समोरच्या अवकाशात एक जागा नेमून देऊन पुढे त्या जागेकडे निर्देश करून सर्वनामाचे काम साधले जाते. बोटांच्या वर्णमालेवर ब्रिटिश दोन-हाती पद्धतीचा प्रभाव असला, तरी हे व्याकरण ब्रिटिश भाषेपासून आलेले नाही.

पुढील काळात मौखिक शिक्षणाच्या फलिताचीही मोजदाद झाली. ब्रिटनमधील रूबेन कॉनरॅड यांच्या १९७९ च्या अभ्यासात शाळा सोडणाऱ्या बधिर मुलांचे वाचन सरासरीने नऊ वर्षांच्या मुलाइतकेच आढळले. त्याच दशकात निकाराग्वातील मनाग्वा येथे एका नव्या शाळेत मुलांना ओष्ठवाचन आणि स्पॅनिश उच्चार शिकवले जात होते. त्यांत फारशी प्रगती झाली नाही. परंतु घरोघरच्या तोडक्यामोडक्या खाणाखुणा घेऊन आलेल्या त्या मुलांनी मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये एक नवी भाषा घडवली. पाठोपाठ आलेल्या लहान मुलांनी तिला पूर्ण व्याकरण दिले. देलोझ यांनी पॅरिसमध्ये पाहिलेली गोष्ट दोनशे वर्षांनी भाषावैज्ञानिकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली.

वाचावादाला नवे बळ मिळाले ते कॉक्लिअर इम्प्लांटमुळे. कानाच्या आतील शंखाकृती भागात विद्युत्अग्रांची तार बसवून श्रवणचेतातंतूला थेट उद्दीपन देणारे हे साधन अमेरिकेत १९८४ मध्ये प्रौढांसाठी आणि १९९० मध्ये मुलांसाठी मान्य झाले. बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये मुलांवरील शस्त्रक्रियेचा तीव्र निषेध केला. २००० मध्ये तिने भूमिका सौम्य करून निर्णयाचा अधिकार पालकांचा मानला आणि मुलाला सांकेतिक भाषाही मिळावी, असा आग्रह धरला. लहान वयात शस्त्रक्रिया आणि सातत्याने वाक्उपचार मिळाल्यास अनेक मुले उत्तम बोलू लागतात, हे सत्य आहे. यंत्र बसवूनही काहींना फारसा लाभ होत नाही, आणि तो होणार की नाही हे आधी निश्चित सांगता येत नाही, हेही तितकेच सत्य आहे. त्या अनिश्चित काळात मुलाला खुणांची भाषा द्यावी की ती दिल्यास वाचेवरचे लक्ष ढळेल, यावर तज्ज्ञांत आजही तीव्र मतभेद आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे, पहिल्या तीन-चार वर्षांत कोणतीच भाषा पूर्णपणे न मिळण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. त्या काळात राहिलेली उणीव नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

भारतात औपचारिक बधिर शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. मिलान परिषदेनंतर काहीच वर्षांनी, १८८० च्या दशकाच्या मध्यास, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने येथे शाळा निघाली. १८९३ मध्ये कोलकाता आणि त्याच दशकात तामिळनाडूतील पाळयंकोट्टै येथे शाळा झाल्या. पाश्चात्त्य शिक्षणशास्त्राचे वारे त्या वेळी मौखिक पद्धतीच्या बाजूने वाहत होते आणि आपल्याकडील शाळांनी तीच दिशा धरली. महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत पुढे निघालेल्या मूकबधिर विद्यालयांतही आरसा, श्रवणयंत्र, उच्चारांचा सराव हेच चित्र राहिले. खुणा वर्गाबाहेर वाढल्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी मुंबईसह देशातील प्रमुख शहरांतील खुणांचा अभ्यास केला. प्रादेशिक भेद असले तरी त्यांमागे एकच भारतीय सांकेतिक भाषा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिमाचलच्या एका खेड्यात वाढलेले वशिष्ठ वयाच्या अकराव्या वर्षी बधिर झाले होते आणि पुढे गॅलोडेट येथे शिकले. पुढे उलरिके झेशान यांनी या भाषेच्या व्याकरणाचे सविस्तर वर्णन केले.

वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. श्रवणमापन आणि वाक्उपचार ही तिची मुख्य क्षेत्रे. याच संस्थेत २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला. एकाच छताखाली दोन्ही विद्या नांदू लागल्या, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईचे आणखी एक वैशिष्ट्य संशोधकांनी टिपले आहे. लोकलमधील अपंगांच्या डब्यांत कर्णबधिर प्रवासी ठरवून एकत्र येतात, बातम्या सांगतात, नव्या खुणा शिकतात. स्वतः बधिर असलेल्या मानवशास्त्रज्ञ ॲनेलीस कुस्टर्स यांनी २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्यांच्याच ‘इशारे’ (२०१५) या माहितीपटात मुंबईचे दुकानदार आणि कर्णबधिर ग्राहक हातवाऱ्यांनी व्यवहार कसे करतात, हे पाहायला मिळते. ज्या भाषेला शाळेने जागा दिली नाही, तिला या शहराने रेल्वेच्या डब्यात जागा दिली.

कायद्याने अलीकडे स्पष्ट भूमिका घेतली आहे. भारताने २००७ मध्ये संमत केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार आणि २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा यांनी सांकेतिक भाषेला संप्रेषणाचे साधन म्हणून मान्यता दिली. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे आणि स्थानिक खुणांचा आदर राखण्याचे ठरवले. त्याच वर्षी पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटीशी करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने आपली बाजू मांडली. दुसरीकडे, लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकार लाखो रुपयांचे अर्थसाहाय्य देते. शासन दोन्ही मार्गांना पाठबळ देत आहे आणि पालकाला मात्र बहुधा त्यांपैकी एकाचीच माहिती मिळते. बधिरतेचे निदान रुग्णालयात होते. तिथे यंत्र आणि उपचार यांविषयी समजावून सांगणारे तज्ज्ञ असतात, परंतु सांकेतिक भाषा बोलणारी प्रौढ व्यक्ती आईवडिलांना भेटत नाही.

२०१० च्या जुलैमध्ये व्हँकुव्हर येथे भरलेल्या एकविसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव अमान्य ठरवून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी वेडिट्झ यांचा मूकपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात समाविष्ट झाला. परंतु ठराव मागे घेतल्याने शिक्षक निर्माण होत नाहीत. मिलाननंतर वर्गांतून बाहेर काढले गेले ते बधिर शिक्षक, आणि सर्वांत मोठी उणीव आजही त्यांचीच आहे. दिल्लीच्या केंद्रातील सांकेतिक भाषा अध्यापनाचा पदविका अभ्यासक्रम खास कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे. दुभाष्यांचा अभ्यासक्रम स्वतंत्रपणे चालतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या पन्नास लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद आहे. त्यांच्या तुलनेत या अभ्यासक्रमांतून दरवर्षी तयार होणाऱ्यांची संख्या फार अल्प आहे. मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये प्रशिक्षित कर्णबधिर शिक्षक आणि प्रशिक्षित वाक्उपचारतज्ज्ञ एकाच मुलासाठी एकत्र काम करताना दिसणे आजही दुर्मीळ आहे.